सबनीसांच्या नावाला काळं

१

डॉ. अवधूत सबनीसांच्या नावाला कोणीतरी काळं फासलं होतं. बोलण्यातलं नव्हे, खरंखुरं, चिकट, खाली ओघळणारं काळं.

कामवारी सर्जिकल हॉस्पिटलच्या फाटकाशेजारी भिंतीवर माणसाच्या उंचीला एक पांढरा बोर्ड होता. वर हॉस्पिटलचं नाव, खाली 'डॉ. अवधूत सबनीस, एम. एस.' आणि त्याखाली मोकळी जागा. सकाळी थर्मास घेऊन नीला रिक्षातून उतरली तेव्हा त्या बोर्डापुढे अर्धी गल्ली जमली होती. 'डॉ. अवधूत सबनीस' ही अक्षरं दिसेनाशी झाली होती.

"डुप्लिकेट डॉक्टर हाय म्हनं!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"डिग्री नकली निकली क्या?" दुसऱ्याने विचारलं, आणि तिसऱ्याने काही माहीत नसताना मान हलवली. भिवंडीत एवढं पुरतं. नळाला पाणी येण्याआधी ही बातमी मानकोलीपर्यंत पोचणार, यात शंका नव्हती.

आत नीलाची माई होती. तिची आई. पित्ताशयात खडे, वर ताप, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन.

आणि हे हॉस्पिटल निवडलं होतं नीलानेच. ती ठाण्याला विमा कंपनीत नोकरीला होती, मेडिक्लेमच्या टेबलावर. क्लेम पास व्हायचा तर हॉस्पिटल रजिस्टर्ड हवं, सर्जन डिग्रीवाला हवा, हे ती रोज चार लोकांना सांगायची. तेव्हा सगळी चौकशी करून तिने सबनीसांचं नाव काढलं होतं. तात्या, म्हणजे वडील, मुंबईला जाऊ म्हणत होते. नीलाने त्यांना गप्प केलं होतं. आता माईला हलवण्यात धोका होता, आणि न हलवण्यात काय होतं ते त्या बोर्डावर लिहून ठेवल्यासारखं दिसत होतं.

तिने कोपऱ्यावरचा एस. टी. डी. बूथ गाठला आणि ऑफिसला फोन लावला.

"मॅडम, मी नीला. आमच्या सर्जनच्या नावाला..."

सगळं ऐकून पलीकडचा आवाज एवढंच म्हणाला, "बोर्डाला कोणाला हात लावू देऊ नकोस. मी निघाले."

२

विद्युल्लता चेंबूरकर कंपनीत संशयास्पद क्लेम तपासायच्या. ठेंगण्या, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, हातात कापडी पिशवी. पाठीमागे सगळे त्यांना 'वीज' म्हणत, आणि ज्यांचे क्लेम खोटे निघाले ते आणखीही काही म्हणत.

एस. टी. तून उतरून त्या थेट बोर्डापुढे उभ्या राहिल्या. नाक जवळ नेऊन वास घेतला.

"डांबर नाही. मागाचं जुनं ऑइल. बघ, त्यात रुईचे तंतूसुद्धा आहेत."

"मॅडम, असं ऑइल इथे घरटी मिळेल," नीला म्हणाली. हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला लागूनच नूर मोहम्मद चाचांचा यंत्रमागांचा कारखाना होता. त्याची खडखड अख्ख्या गल्लीला हादरवत होती.

"कशाला काळं फासलंय ते सांग."

"डॉक्टरांना."

"नीट बघ."

नीलाने पाहिलं. नाव पुरतं गेलं होतं. पुढचं 'एम. एस.' मात्र जसंच्या तसं होतं, त्याला डागसुद्धा नव्हता. आणखी एक गंमत होती. बोर्डावर सगळीकडे रुईची करडी धूळ बसलेली, पण नावाखालच्या मोकळ्या जागेतली एक आडवी पट्टी कोणीतरी स्वच्छ पुसलेली होती.

"हात पुसले आसतील त्यानं," मागून वॉर्डबॉय काळूराम म्हणाला. "मीच पह्यल्यांदा बगितलं, बाई. पहाटे लाईट गेली, लूम बंद पडले, तशी मना जाग आली."

"आवाज थांबला म्हणून जाग आली?"

"आमचं आसंच हाय. खडखडीत झोप लागते, गप झालं की उठतो. लूमवाले समदे चहाला भाईर आले व्हते. मी फाटक उघडलं आन् बगतो तं ह्ये!"

"म्हणजे फासणाऱ्याने काम उरकलं ते लाईट जायच्या आधी. तुम्ही कधी लूमवर होता का?"

"छ्या! मी वडप्याचा, भातशेतीवाला. एकच दिस लूमवर ग्येलो, कान फुटायची पाळी आली. परत न्हाय ग्येलो." काळूराम जरा घुटमळला. "पन बाई, मागल्या महिन्यात सायबांचं न् माजं वाजलं व्हतं. लोक माजंच नाव घ्येतील."

विद्युल्लताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग पुसलेल्या पट्टीकडे. "पांढरीशुभ्र," त्या पुटपुटल्या, आणि समोरच्या दवाखान्याकडे चालू लागल्या.

समोर डॉ. श्रीनाथ मुळे बसायचे. सबनीसांचं हॉस्पिटल चालायला लागल्यापासून त्यांची बाकं रिकामी असायची. आज मात्र स्वारी खुशीत होती.

"मी कशाला फासू? माझा पांढरा शर्ट खराब होईल!" ते हसले. "आणि खोटा डॉक्टर वगैरे मी म्हणणार नाही हं. पण बाई, दोन वर्षांत या माणसाने माझ्यासमोर एक चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहिलेली नाही. का लिहीत नसेल?"

त्यांनी नीलाकडे वळून विचारलं, "तुमच्या आईचं पोट कोणी तपासलं हो?"

नीलाने आठवून पाहिलं. सबनीसांनी खाटेपाशी उभं राहून प्रश्न विचारले होते. फार नेमके प्रश्न होते, माई खूश झाली होती. पण पोट दाबून पाहिलं होतं ते डॉ. साजिदाने, त्यांच्या हाताखालच्या लेडी डॉक्टरने. सबनीसांचे हात सगळा वेळ ॲप्रनच्या खिशात होते.



३

दुपारपर्यंत विद्युल्लताबाईंनी बूथवाल्याला श्रीमंत केलं. आधी मुंबईला मेडिकल कौन्सिलमध्ये फोन, मग सबनीसांच्या कॉलेजमध्ये, मग त्यांच्या वर्गातल्या एका सर्जनकडे. नीला काचेबाहेर उभी राहून त्यांच्या ओठांकडे बघत होती. आत्ता त्या 'बोगस' म्हणतील, मग माईला कुठे न्यायचं, तात्यांना काय सांगायचं?

बाई बाहेर आल्या. "रजिस्ट्रेशन खरं. डिग्री खरी. सर्जरीत पहिला नंबर. वर्गमित्राने सांगितलेला डाव्या भुवईवरचा व्रण या माणसालाही आहे. म्हणजे माणूसही तोच."

नीलाने बूथच्या दाराला धरून सुस्कारा सोडला. "मग झालं ना, मॅडम! डॉक्टर खरे आहेत!"

"हो. अगदी शंभर टक्के खरे." विद्युल्लताबाईंनी चष्मा पुसला. "मला खरी भीती आत्ता वाटायला लागली आहे. चल, वॉर्डात जाऊ."

४

माईच्या शेजारच्या खाटेवर राहनाळची तुळजा होती. तिचं पित्ताशय याच आठवड्यात काढलं होतं. बोर्डाचं प्रकरण तिच्या गावीही नव्हतं.

"लई ब्येस डाक्टर," ती म्हणाली. "आत न्हेलं तवा सायब हसलं, म्हनलं घाबरू नगा. मंग डोळा लागला."

"आत आणखी कोण होतं?"

"साजिदाबाई, काळूराम, आन् भूल देनारं कल्यानचं डाक्टर."

तुळजाच्या कुशीतून एक रबरी नळी बाहेर आली होती, आतलं पाणी निघून जायला ठेवलेली. ती हलू नये म्हणून काळ्या दोऱ्याने कातडीला टाका घालून बांधली होती. ड्रेसिंग बदलताना आया ठकुबाईने फडकं बाजूला केलं आणि विद्युल्लताबाई खाली वाकल्या.

"नीला, इकडे ये. दोरा कमी पडलाय, म्हणून दुसरा जोडलाय. ही गाठ कसली? मी अशी कधी पाहिली नाही."

नीलाने वाकून पाहिलं. भिवंडीत वाढलेल्या माणसाला ती गाठ सांगावी लागत नाही. मागावर ताण्याचा उभा धागा तुटला की विणकर चिमटीत दोन्ही टोकं धरून क्षणात तशी गाठ मारतो. बारीक आणि चपटी, मागाच्या फणीतून न अडकता सरकणारी.

"मॅडम, ही मागाची गाठ आहे! लूमवर लहानाचा मोठा झालेला माणूसच ती इतक्या सफाईने मारतो."

"आणि ठकुबाई, ही नळी बांधली कुठे?"

"आतमंदीच. भाईर कुनी हात लावत न्हाय तिला, डाक्टर वरडतात."

नीला मनातल्या मनात एकेकाला वगळू लागली. सबनीस पुण्याच्या वकिलांच्या घरातले. भूल देणारे कल्याणचे. काळूराम एका दिवसात लूमवरून पळालेला. मग ज्याच्या बोटांत मागाची गाठ होती, असं ऑपरेशनच्या खोलीत राहिलं तरी कोण?

तेवढ्यात दारात खोकल्याचा आवाज झाला. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, हातात चारखणी डबा. नूर मोहम्मद फकीह, मागच्या कारखान्याचे मालक.

"साजिदा किधर हाय? जेवन आनलंय तिचं," चाचा म्हणाले. मग विद्युल्लताबाईंना बघून विचारलं, "तुमी विम्यावाल्या ना? बोर्ड अजून साफ नाय केला?"

"नाही. चाचा, साजिदा तुमची मुलगी?"

"बेटी हाय." म्हाताऱ्याची छाती जराशी वर आली. "मुंबईला शिकली. आन् हितं लोक इचारतात, लेडी डॉक्टर म्हंजे बाळंतपनं करते काय? अरे, माजी पोरगी..."

"अब्बा!" साजिदा धावत आली. तिशीची, सडपातळ, कानाशी पेन अडकवलेलं. तिने डबा जवळजवळ ओढून घेतला. "तुम्ही जा बघू. कारखाना उघडा टाकून आलात."

चाचा गेले, पण वाक्य अर्धंच राहिलं. विद्युल्लताबाई मात्र खुशीत आल्या होत्या. त्यांनी ठकुबाईला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, आणि तो ऐकून नीलाला वाटलं, बाईंना ऊन लागलं.

"दुपारची लाईट इथे कधी जाते हो?"

५

चारच्या सुमाराला सगळे सबनीसांच्या केबिनमध्ये होते. डॉ. सबनीस टेबलामागे, साजिदा खिडकीशी, दाराशी काळूराम. नूर मोहम्मद चाचांना बाईंनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तात्याही येऊन कोपऱ्यात हाताची घडी घालून बसले होते, 'मी सांगत होतो' हे तोंडावर लिहून.

"आधी चहा," विद्युल्लताबाई म्हणाल्या. ठकुबाईने कपबश्या फिरवल्या.

"मी नंतर घेतो," सबनीस म्हणाले.

"डॉक्टर, माझ्या हातचा नाही म्हणून नाही म्हणता?" बाईंनी उठून कपबशी त्यांच्यापुढे धरली. नाइलाजाने त्यांनी ती घेतली आणि पटकन छातीशी धरली. मागची खडखड चालू होती. बाई हवापाण्याच्या गोष्टी बोलत राहिल्या. नीलाला त्यांचा भयंकर राग आला. माईचं ऑपरेशन उद्यावर आलंय आणि बाई मानकोलीच्या रस्त्यातले खड्डे मोजताहेत!

आणि पंखा थांबला. खडखड एकदम बंद पडली. सगळी गल्ली गप्प झाली.

त्या शांततेत एक बारीक आवाज येत होता. किणकिण. किणकिण. किणकिण.

सबनीसांच्या हातातला कप बशीवर थरथरत होता.

सबनीसांनी कप खाली ठेवायचा प्रयत्न केला, चहा सांडला. साजिदा पुढे झाली आणि तिने अलगद कपबशी काढून घेतली. ते तिने इतक्या सवयीने केलं की नीलाला सगळं कळून चुकलं.

"केव्हापासून, डॉक्टर?" विद्युल्लताबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"दोन वर्षं होतील." सबनीसांनी हात टेबलावर ठेवले. ते लपवायचे त्यांनी सोडून दिलं. "आधी बोटं. मग मनगट. दिवसभर लूमच्या आवाजात कोणाला ऐकू येत नव्हतं."

"आणि ऑपरेशनं?" तात्या ओरडले. "या हातांनी?"

"नाही, तात्या," नीला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "या हातांनी नाही! पेशंट झोपेपर्यंत चेहरा यांचा. झोपल्यावर हात दुसऱ्याचे. तुळजाच्या नळीला मागाची गाठ आहे. ती मारली डॉ. साजिदाने."

"शाब्बास," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "आता बोर्ड. सगळे धरून चालले की कोणीतरी डॉक्टरांना खोटं ठरवतंय. पण खोटा डॉक्टर म्हणायचं असतं तर पहिलं काळं 'एम. एस.'वर पडलं असतं. ते फासणाऱ्याने जपून सोडलं. त्याचं डिग्रीशी भांडण नव्हतं, नावाशी होतं. आणि ती पुसलेली पट्टी. काळे हात तिथे पुसले असते तर ती काळी झाली असती. ती पांढरी आहे, कारण ती आधी पुसली, स्वच्छ हातांनी. कशासाठी? दुसरं नाव लिहायला जागा हवी म्हणून. मग वरचं नाव झाकलं, आणि खाली लिहिणार एवढ्यात लाईट गेली. लूम बंद पडले, कामगार चहाला रस्त्यावर आले, आणि काम अर्धवट राहिलं. नूर मोहम्मदभाई, कोणतं नाव लिहायचं होतं?"

चाचांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात रागही.

"मीच केला. माफी मागतो, पन सांगतो. ही टाके घालते, पेशंट सायबांचे पाय धरतो. माज्या डोळ्यांदेखत! सात वर्सांची व्हती तवा ह्या हातांना मी गाठ शिकवली. त्या हातांचं नाव कुटंच नाय?" ते थांबले. "काळं फासताना एम. एस.पर्यंत पन ब्रश गेला व्हता. हात उठला नाय. ती अक्षरं मिळवायला माज्या पोरीनं काय सोसलं, ते मी बगितलंय."

"तीसुद्धा एम. एस.?" तात्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"हो," साजिदा म्हणाली. "इथे परत आले तेव्हा वर्षभर माझ्याकडे एक पेशंट आला नाही. बाई पोट कापणार म्हटलं की लोक उठून जायचे. सरांनी मला उभं केलं. मग सरांचे हात गेले. हॉस्पिटल बंद पडलं असतं तर तुळजासारख्या बायकांनी कुठे जायचं? म्हणून गप्प राहिले. चूक माझीही आहे."

"तुझी नाही," सबनीस म्हणाले. "माझा भित्रेपणा. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज कोणीतरी पाया पडायचं, आणि मला ते गोड लागायचं."

विद्युल्लताबाई उठल्या. "मी साजिदाबाईंचीही चौकशी करून येते. दोन वर्षांचे क्लेम खोट्या नावावर गेलेत, त्याचा जबाब कंपनीला तुम्ही द्यायचा, डॉक्टर. त्यात मी सूट देणार नाही. आणि उद्याचं ऑपरेशन कोणाच्या नावावर, ते आत्ता ठरवायचं. ते मी ठरवणार नाही, तुम्हीही नाही. पोट ज्याचं आहे तो ठरवेल."

६

माईला सगळं सांगितलं ते नीलाने. एक शब्द न लपवता. हे हॉस्पिटल मी निवडलं, मी डिग्री पाहिली, माणूस पाहिला, पण हात पाहिले नाहीत, असं म्हणता म्हणता तिला रडू आलं.

विद्युल्लताबाई बूथवरून परत आल्या होत्या. साजिदाचं रजिस्ट्रेशनही चोख निघालं होतं. सर्जन म्हणून तिचं खरं नाव लागलं तर क्लेमला काही अडचण नव्हती.

"ते ठीक आहे हो," तात्या कुजबुजले. "पण बाईमाणूस... सुरी चालवणार..."

माईला ताप होता, कूस ठणकत होती, पण ती उशीवरून उठून बसली. "अहो, लग्न झाल्यापासून घरात सुरी कोणाच्या हातात आहे? निमूट जेवलातच ना?"

खाटेखाटेवरून हसू फुटलं. तुळजा तर कूस धरून हसली. माईने साजिदाला जवळ बोलावलं. "हात दाखव गं तुझे."

साजिदाने दोन्ही हात पुढे केले. ते अगदी स्थिर होते. माईने ते उलटेसुलटे करून पाहिले, बाजारात भाजी पाहावी तसे, आणि दोन्ही हातांत घट्ट धरले. "उद्या माझ्या पोटात हेच जातील. दुसरे नाही. आणि डोळे मिटताना मला तुझाच चेहरा दिसला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी माईला आत नेलं. सबनीस बाहेर बाकावर बसून राहिले, नीलाशेजारी, सगळ्यांसारखे. मागे लूम खडखडत होते. नीलाने देवाचं नाव घेतलं, मग पुन्हा घेतलं. सबनीस मध्येच म्हणाले, "आता ती पित्ताशयापाशी पोचली असेल. घाबरू नका. माझ्याहून चांगली आहे." हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं असावं, कारण म्हणून झाल्यावर त्यांनी लांब श्वास सोडला.

दार उघडलं. साजिदाचा मास्क खाली आला, आणि तिचं हसू पाहून तात्यांनी, ज्यांनी आयुष्यात कोणाला मिठी मारली नव्हती, काळूरामला मिठी मारली.

माईला वॉर्डात आणल्यावर नीलाने चादर हळूच बाजूला करून नळी पाहिली आणि धावत फाटकाबाहेर गेली.

बाहेर नूर मोहम्मद चाचा स्टुलावर उभे होते. रॉकेलच्या फडक्याने त्यांनी सबनीसांच्या नावावरचं काळं पुसून ते पुन्हा लख्ख केलं होतं. "काळं तुम्ही फासलंत, पुसायचंही तुम्हीच," असं विद्युल्लताबाईंनी बजावलं होतं. आता त्यांच्या हातात रंगाचा ब्रश होता. पेंटर बोलवू म्हटलं तर ऐकत नव्हते.

"चाचा, माई छान आहे! आणि दोरा याही वेळी कमी पडलाय. गाठ तुमचीच आहे!"

चाचांनी मान डोलावली. त्यांनी पुसलेल्या पट्टीवर ब्रश टेकवला आणि लिहायला सुरुवात केली. 'डॉ. साजिदा फकीह' झालं. मग त्यांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि 'एम. एस.' ही अक्षरं नावापेक्षा मोठी काढली.

स्टूल सबनीसांनी खालून दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. तरी ते जरासं थरथरत होतं. वरच्या हातांमुळे की खालच्या, याचा तपास करायला मात्र विद्युल्लताबाई थांबल्या नाहीत. त्यांना ठाण्याची एस. टी. पकडायची होती.